सिंकपाशी उभा ट्रम्पेट

आधीच सांगते, मधेच हसायचं नाही. हसलात तर मी उठून जाईन, आणि मग पुढचं तुम्हाला आमच्या आईकडून ऐकावं लागेल. आईच्या सांगण्यात मी फारशी नसतेच. असते ती "आमची ही" म्हणून, कुठेतरी मागे, ते लाकडी धूड धरून उभी.

ते धूड म्हणजे माझा डबल बास. बघितलाय ना? व्हायोलिनला वर्षभर बसवून खाऊ घातलं तर जे होईल ते. उभा केला की माझ्यापेक्षा उंच, आडवा केला की आमच्या हॉलपेक्षा लांब. आम्ही पाच जण मिळून जुनं स्विंग वाजवतो. म्हणजे पणजोबांच्या तरुणपणी मोठाल्या हॉटेलांतून लोक जोडीजोडीनं नाचायचे ना, ते जॅझ. ते सुरू झालं की पाय आपलं ऐकत नाहीत, बासचं ऐकतात. आणि बास मी वाजवते. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढे कोणीच ठेवलेलं नाही.

आता माझी हौस बघा. मला सगळं अगदी जुन्यासारखंच हवं होतं. त्या काळी बँडला एकच माइक असायचा. मधोमध माइक, आणि ज्याचा आवाज मोठा त्यानं लांब उभं राहायचं, ज्याचा बारीक त्यानं जवळ. कोणाचा सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवायचा तुकडा, आला की तो दोन पावलं पुढे, बाकीचे मागे. बटणं नाहीत, मशीन नाही, सगळा हिशोब पायांवर. मी म्हटलं, आपणही असंच करायचं. सगळे म्हणाले वा वा. तेव्हाच मला कोणीतरी गप्प बसवायला हवं होतं.

कारण सराव कुठे, तर आमच्या फ्लॅटमध्ये.

हॉलच्या मधोमध टीपॉयवर माइक ठेवला. माझी आतेबहीण गाते, ती माइकसमोर. बासचा आवाज खोल पण हळू, म्हणून मी तिच्या शेजारी, म्हणजे नेमकी सोफ्याच्या जागेवर. म्हणून सोफा गेला गॅलरीत, आणि सोफ्यावर असलेले बाबाही गेले गॅलरीत. सॅक्सोफोन वाजवतात ते गणिताचे क्लासवाले सर. त्यांना सरकवत सरकवत दाराशी नेलं, तेव्हा चपलांच्या स्टँडपाशी त्यांचा आवाज बरोबर बसला. ड्रमवाला बारक्या, जो दारात तिरका होऊनच शिरतो, त्याला बेडरूममध्ये बसवून दार अर्धं लोटलं. राहिला ट्रम्पेट.

ट्रम्पेटवर आमचा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवून गप्प बसवायचं, आणि संध्याकाळी स्वतः गाल फुगवून सगळं भरून काढायचं. त्याची फुंक म्हणजे काय सांगू. हॉलच्या कोपऱ्यात उभा केला तर माइकमध्ये फक्त तोच. पॅसेजमध्ये नेला तरी तोच. मागे जा, अजून मागे जा, असं करता करता तो स्वयंपाकघरात पोचला, सिंकपाशी, टाइल्सकडे तोंड करून. आणि तिथून जो आवाज आला ना, मऊ, गोल, लांबून हाक मारल्यासारखा. आम्ही सगळे वा वा करत होतो, फक्त आई सिंककडे बघत होती.

"डॉक्टर, तुम्ही माझ्या सिंकपाशी किती वेळ उभे राहणार आहात?"

"काकू, गाणं संपेपर्यंत."

"मग तोवर हे मटार सोला."

इथून माझा आणि माझ्याच बँडचा संबंध सुटायला लागला. डॉक्टरला हॉल दिसत नाही, मी मान डोलावून इशारा केला तरी कळत नाही. त्यात आई त्याला दाढ दाखवते, तो ट्रम्पेट काखेत मारून दाढ बघतो, आणि त्याची सुरुवात हुकते. सर चपलांच्या स्टँडपाशी वाट बघत राहतात. शेवटी मी आईला म्हटलं, "तू दारातून माझ्याकडे बघ. मी मान हलवली की ह्याला सांग." आई म्हणाली, "तोंडानं सांगायला मला वेळ नाही, हातात फोडणी असते." आणि तिनं त्याच्या पाठीत उलथन्याचं टोक टोचलं. डॉक्टर दचकून असा काही वाजला, की त्याच्या आयुष्यात तो तसा वाजला नव्हता. तेव्हापासून तीच पद्धत पडली.

"तुला गाणं आवडतंय वाटतं," मी एकदा सहज म्हटलं.

"कशाला आवडेल? तुमचं ते ठुमक ठुमक. मी ऐकतही नाही," आई म्हणाली, आणि ठोक्यावर कांदा चिरत राहिली.

मग आला पंपाचा विषय. सिंक तुंबलं की आपण तो काठीला लावलेला रबरी वाडगा दाबतो ना, पंप म्हणतो त्याला, तो. जुने ट्रम्पेटवाले काठी काढून तो वाडगा वाद्याच्या तोंडावर धरायचे, उघडमीट करायचे, की ट्रम्पेट माणसासारखा कुरकुरतो. डॉक्टरला समोरच तो दिसला. त्यानं काठी उपसली. त्या दिवशी आमचं गाणं अप्रतिम झालं आणि आईनं डॉक्टरशी अबोला धरला. "दात काढायचं शिक्षण घेतलंय ना, मग पंपाची काठी कशाला काढता," असं ती भिंतीला म्हणाली. पण पंप त्याला देत राहिली. सराव संपला की काठी परत बसवून, धुऊन, जागेवर ठेवायचा, अशा अटीवर.

शेजाऱ्यांचं तर विचारूच नका. समोरच्या मावशी मला रोज दारात गाठायच्या. "अगं, बासरी घ्यायची होतीस. पर्समध्ये मावते. लग्नाच्या मुलीनं असं कपाट मिठीत धरून उभं राहणं चांगलं दिसतं का?" खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणायचे, की बासच्या कंपनांनी इमारतीच्या पायाला काही होणार नाही, पण झालंच तर पहिलं त्यांच्या बाजूनं होईल. आणि सेक्रेटरीकाकांनी लिफ्टमध्ये नवीन पाटी लावली : वाद्ये नेण्यास सक्त मनाई. संपूर्ण इमारतीत वाद्यं फक्त माझ्याकडे. म्हणजे ती पाटी नव्हती, मला लिहिलेलं पत्र होतं.

अशात आतेबहिणीनं आमच्या सरावाचं रेकॉर्डिंग इकडेतिकडे पाठवलं, आणि एका हॉटेलच्या मॅनेजरांचा फोन आला. त्यांचा डायनिंग हॉल जुना, लाकडी जमिनीचा, त्यांना दर शनिवारी संध्याकाळी असलंच संगीत हवं होतं. "किती मऊ आवाज आहे तुमचा," ते म्हणाले. "येत्या शनिवारी चहाच्या वेळी येऊन वाजवा. लोकांना आवडलं तर काम तुमचं. सरावाला आमची मागची खोलीही देऊ."

बाबा गॅलरीतून आत आले. म्हणजे खरोखर, उठून, पेपर घडी करून. मी समजले प्रकरण गंभीर आहे.

"हे बघ," ते म्हणाले, "काम मिळालं तर उत्तम. तुमचं चंबूगबाळं त्या खोलीत हलवा आणि माझा सोफा आत आणा. नाही मिळालं, तर ते धूड विकायचं, आणि सोमवारपासून तू मामाच्या टाइल्सच्या दुकानात. मामाशी बोललोय मी."

मामाचं दुकान तुम्ही पाहिलेलं नाही. तिथे माणूस दिवसभर बाथरूमच्या भिंतींमध्ये उभा असतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो की हा बेज आणि तो बेज यांत फरक आहे.

शनिवार उजाडला. आम्ही सगळे जुन्या थाटात. सरांना बो टाय, बारक्याला गॅलिस, आतेबहिणीच्या केसांत फूल. मी बास घेऊन लिफ्टपाशी गेले, तर सेक्रेटरीकाका पाटीखालीच उभे.

"वाद्य चालणार नाही."

"काका, हे फर्निचर समजा."

"फर्निचर न्यायचं तर शिफ्टिंगचा अर्ज. तोही कमिटीपुढे. कमिटी पुढच्या आठवड्यात बसते."

"मग माणूस समजा. बघा, मान आहे, खांदे आहेत, कंबर आहे."

त्यांनी बासकडे खरंच नीट बघितलं. "भाडेकरू असेल तर पोलीस व्हेरिफिकेशन लागेल," ते म्हणाले, आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही.

मग जिना. बारक्या खालून, मी वरून. दुसऱ्या वळणावर बास अडकला. वर जाईना, खाली येईना. निवृत्त इंजिनिअर बाहेर आले, टेप घेऊन. त्यांनी बासचं माप घेतलं, जिन्याचं घेतलं, चष्मा पुसला आणि सांगितलं, "हा इथून जाऊच शकत नाही."

"पण काका, तो वर आला इथूनच."

"ते मी नाकारत नाही. मी फक्त आकडे सांगतोय."

तोवर दोन्ही बाजूंना लोक जमले. माणसं बासच्या मानेखालून वाकून जायला लागली. समोरच्या मावशी भाजी घेऊन आल्या, दम खायला थांबल्या आणि पिशवी त्याच्या खुंटीला अडकवून मला म्हणाल्या, "बासरी असती ना, तर आत्तापर्यंत पोचली असतीस." कोणी म्हणालं साबण लावा. कोणी म्हणालं कठडा कापा. शेवटी बारक्या वैतागून दोन पायऱ्या खाली सरकला, तशी जागा झाली आणि बास आपला आपण सुटला. म्हणजे अडकला होता तो बास नव्हेच, बारक्या होता. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

हॉटेलात पोचलो तेव्हा लोक चहाला बसलेले. तयारीला वेळच नाही. आणि सरांच्या बो टायचा काय परिणाम व्हावा? पहिल्याच टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "दोन चहा, एक बिनसाखरेचा." सर इतके सभ्य, की त्यांनी जाऊन आणले. बिनसाखरेचा कुठला तेही नीट सांगितलं. मॅनेजर हे लांबून बघत होते.

स्टेज म्हणजे भिंतीला लागून एक छोटा चौथरा, मागे स्वयंपाकघराचं हलतं दार. आम्ही पाचही जण त्यावर खांद्याला खांदा लावून उभे. माइक समोर. मी ठोका दिला. आणि पहिल्याच सुराला डॉक्टरच्या ट्रम्पेटनं आतेबहिणीच्या केसांतलं फूल उडवलं. मी अतिशयोक्ती करत नाहीये, ते चहात पडलं. बिनसाखरेच्या. लोकांनी कानांवर हात ठेवले. माझा बास मलाही ऐकू येईना. म्हणजे मी हाताचा व्यायाम करत होते असंच दिसत असणार.

गाणं संपलं. टाळ्या नाहीत. मॅनेजर जवळ आले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "फोनवर ऐकलं ते तुम्हीच होतात ना?"

"आम्हीच. जागेचा प्रश्न आहे. एक मिनिट."

आम्ही डॉक्टरला मागे सरकवला. मागे भिंत. बाजूला नेला, तर खांब, आवाज आदळून परत. मग त्याला लॉबीत पाठवला. आता आवाज छान लांब गेला, पण डॉक्टरला ना मी दिसते ना गाणं नीट ऐकू येतं. दुसरं गाणं झालं. त्याच्या सोलोची वेळ आली आणि गेली. आम्ही चौघं नुसतं ठुमक ठुमक करत वाट बघत राहिलो. गाणं संपवलं, दोन-चार जणांनी उपकार केल्यासारख्या टाळ्या वाजवल्या, त्या थांबल्या, आणि मग लॉबीतून संपूर्ण सोलो आला. एकटा. अगदी मन लावून वाजवलेला. कोपऱ्यातलं एक लहान मूल हसायला लागलं, मग त्याची आई, मग सगळा हॉल.

मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. "अजून एक ऐकतो," ते म्हणाले. "मग थांबू."

थांबू म्हणजे काय ते मला कळलं. डोळ्यांसमोर बेज टाइल्स यायला लागल्या. बासच्या मानेवरून मी हात फिरवत होते, उगाच, निरोप घेतात तसा. एवढा जिना उतरून आणला आणि परत चढवायचा तो विकायला.

तेवढ्यात लॉबीतून ओळखीचा आवाज.

"डॉक्टर, माझा पंप."

झालं होतं असं, की डॉक्टर येताना पंप घेऊन आला होता आणि काठी ओट्यावर ठेवून. इकडे घरी सिंक तुंबलं. आईनं पाणी वर येताना बघितलं, पंप शोधला, नुसती काठी सापडली. ती टॅक्सी करून आली होती. काठी घेऊन. कमरेला स्वयंपाकाचा टॉवेल खोचलेला, आणि दुसऱ्या हातात उलथनं, कारण ते ठेवायचं भान राहिलं नव्हतं.

डॉक्टर वाडगा पाठीमागे लपवत म्हणाला, "काकू, एकच गाणं राहिलंय."

"ते नंतर. तुम्ही इथे बाहेर काय करताय? बाहेरच्या खोलीत कधी उभे असता तुम्ही?" तिनं त्याला कोपराला धरून आत आणला आणि चौथऱ्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा असा झाला, जसा पाहुण्यांनी कपबशा भलत्याच कपाटात लावल्यावर होतो.

"हे काय? सगळे एकमेकांच्या अंगावर का उभे आहात?"

"आई, तू जा ना प्लीज," मी दातांतल्या दातांत म्हटलं. डायनिंग हॉल बघत होता. माझ्या अंगावर जुन्या थाटाचा कोट होता आणि माझी आई मला पंपाची काठी दाखवत होती.

"मामी, आम्हाला जमतच नाहीये," आतेबहीण म्हणाली. फितूर.

"कसं जमेल? सर, तुमची जागा चपलांपाशी ना? मग त्या दारापाशी व्हा, तिथे छत्र्यांचं स्टँड आहे. बारक्या, तू त्या पडद्यामागे, आणि पडदा अर्धाच ओढ, घरी दार लोटतो तेवढा. तुम्ही दोघी राहा इथे." मग तिनं मागचं हलतं दार ढकललं, आत डोकावली, आणि आतल्या आचाऱ्याला म्हणाली, "भाऊ, तुमचं सिंक कुठंय?"

मॅनेजर काहीतरी बोलायला पुढे आले. आईनं पंपाच्या काठीनं त्यांना खुर्ची दाखवली. ते बसले.

मी ठोका दिला. यावेळी बास मला ऐकू आला. मग हॉलला ऐकू आला, कारण टेबलांखालचे पाय हलताना दिसले. आतेबहीण गायला लागली, दारापासून सरांचा सॅक्सोफोन आला, पडद्यामागून बारक्या, सगळं आपापल्या अंतरावरून, आमच्या घरातल्यासारखं. सोलो जवळ आला. मी मान वळवून आईकडे बघितलं, इशारा करायला. ती दारात उभी होती, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि माझ्याकडे बघतच नव्हती. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, ठोके मोजत. ती मोजत होती, कळलं का? ऐकतही नाही म्हणणारी. आणि बरोबर जागेवर, मी मान हलवायच्या आत, उलथनं आत गेलं.

सिंकपाशी डॉक्टर कुरकुरायला लागला. काय वाजवलं त्यानं. बिनसाखरेच्या चहावाल्या बाई उठल्या, नवऱ्याला उठवलं, आणि लाकडी जमिनीवर नाचायला लागल्या. मग शेजारचं टेबल. आचारी दारात येऊन उभा राहिला तर आईनं त्याला बाजूला केलं, आवाज अडतो म्हणून.

गाणं संपल्यावर मॅनेजर टाळ्या वाजवत आले. "काम तुमचं. बँडचे लीडर कोण?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. बँड कोणी काढला, माइक कोणी आणला, बास कोणी उतरवला, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. आणि मागून चौघांनी, सरांनीसुद्धा, बोट केलं आईकडे. माझ्या सख्ख्या आत्याच्या मुलीनं दोन्ही हातांनी केलं.

आईनं टॉवेलला हात पुसले. "शनिवारी मला जमेल," ती म्हणाली, "पण आधी ते सिंक घासून घ्या."

तर काम मिळालं. बास वाचला. मामाला तसं कळवलं, तो म्हणाला जागा धरून ठेवतो. हॉटेलनं मागची खोलीही दिली. गालिचा, जाड पडदे, थंडगार. आम्ही तिथे एकदा सराव केला आणि तो इतका वाईट झाला, की सरांनी क्लासची आठवण काढली. आई म्हणाली, तिथे सिंक नाही, चपलांचं स्टँड नाही, कसं होणार. सगळे परत आमच्या घरी. बाबांनी गॅलरीतून विचारलं, "अगं, मिळालं ना काम? मग माझा सोफा?" आई म्हणाली, "शू, मोजतेय."

सिंक अजून तुंबतं, कारण पंप आता आई सिंकला लावू देत नाही. तो वेगळ्या कपड्यात गुंडाळून ठेवते. गेल्या शनिवारी आम्ही निघालो, तर लिफ्टपाशी सेक्रेटरीकाका. आईच्या हातातलं गाठोडं बघून त्यांनी विचारलं, "वहिनी, हे काय आहे?"

"वाद्य," आई म्हणाली.

काकांनी पाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं. "वहिनी, एवढंसं तर आहे. जा तुम्ही लिफ्टनं."

"नियम म्हणजे नियम," आई म्हणाली, आणि पंप छातीशी धरून ताठ मानेनं जिना उतरायला लागली. काकांनी तिच्यासाठी जिन्यातला दिवा लावला. मागून मी आणि बारक्या, बास घेऊन. दुसऱ्या वळणावर परत अडकलो. आई खालून ओरडली, "लवकर या गं, बँडला उशीर होतोय."